अडीच इंची नळी

वसंता, परवा पाताळगंगेवर तुझा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. माणसं पान ठेवून चार पावलं मागं सरतात न सरतात तोच तो उतरला आणि भाताचा गोळा उचलून गेला. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "बघा, काय राहिलं नव्हतं मानसाचं. मोकळा गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पायरीवर जरा बाजूला उभा होतो. आम्हा बौद्धांत हे नसतं, त्यामुळं मी मान डोलावली नाही ते कुणाला खटकलं नाही. पण जीभ फार वळवळत होती. त्याचं काही राहिलं नसेल, पण माझं राहिलंय, आणि ते त्याच्याकडंच होतं, असं म्हणायचं होतं मला.

अकरा वर्षं मी तुझ्याकडून एक वाक्य ऐकायची वाट बघितली. "किसन्या, तुझं बरोबर होतं." चार शब्द. त्याला चारचौघं लागत नव्हते, हार लागत नव्हता. चहा पिता पिता म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू ते म्हणाला नाहीस आणि आता म्हणणार नाहीस. म्हणून हे लिहायला बसलोय. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग भांडायचं कुणाशी? जिवंत होतास तेव्हा तू भांडूच दिलं नाहीस. चहा सांगायचास.

आपली ओळख कशी झाली ते तुला चांगलं आठवत असणार. मी तेव्हा माझं गाव पोशीर सोडून खोपोलीत, वीजघराच्या नळांवर एका कंत्राटदाराकडं वेल्डिंग करत होतो. तू एका ट्रकचा तडकलेला ओतीव मॅनिफोल्ड गोणपाटात गुंडाळून घेऊन आलास. इंजिनातला धूर ज्यातून एका तोंडानं बाहेर पडतो तो तुकडा. तीन जणांनी हात टेकले होते. मी तो कोळशाच्या शेगडीवर हळूहळू तापवला, वेल्डिंगचा डाग दिला आणि राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत निववला. तू तो टिचकी मारून वाजवून बघितलास आणि म्हणालास, "उद्यापासून माझ्याकडं ये." जात विचारली नाहीस. आडनावावरून तुला ती कळलीच होती, तरी विचारली नाहीस.

तुझी शेड हायवेला लागून, घाट सुरू व्हायच्या अलीकडं. डोक्यावर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली जमीन, आणि दिवसभर घाट चढायच्या आधी श्वास घ्यायला थांबलेले ट्रक. तू इंजिन बघायचास, मी सायलेन्सर आणि नळ्या. लोधिवलीहून तुझ्या घरचा डबा यायचा, तो आपण एकात खायचो. तुझ्या आईला ते कळलं तेव्हा तिनं तुझ्या डब्याची भांडी घरातल्या भांड्यांतून वेगळी काढली. त्या दिवसापासून तू घरचा डबा बंद केलास. वर्षभर माझ्या बायकोच्या हातच्या नाचणीच्या भाकरीवर जेवलास, आणि वर कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुर केलीस. हे मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. राग धरणं सोपं गेलं असतं.

एकदा डोळ्यांवर काच न धरता डाग दिला म्हणून माझे डोळे गेले होते तीन दिवस. उघडले की वाळू ओतल्यासारखं व्हायचं. तू बटाट्याच्या चकत्या कापून माझ्या डोळ्यांवर ठेवत बसलास. शेडमध्ये दोन गाड्या खोळंबल्या होत्या, गिऱ्हाईकं शिव्या देत होती, आणि तू त्यांना सांगत होतास, "आधी मानूस, मग गाडी." मी डोळे मिटून ऐकत होतो. वाटलं होतं, ह्या माणसासाठी आपण कुठंही उभं राहू.

ते उभं राहायची वेळ आली तेव्हा उभा मी राहिलो, वसंता. तू बसलास.

तुझं जुनं गिऱ्हाईक बबनशेठ, त्याचा ट्रक. साजगावच्या कारखान्यातून लोखंडी पत्र्याची गुंडाळी भरून पुण्याला न्यायची आणि घाटात मुंगीच्या चालीनं चढायची. त्याच कारखान्याच्या भंगारात एक मोठा जनरेटर निघाला, त्याला टर्बो होता. त्या काळी आपल्या घाटाखाली टर्बो कुणी हातात धरून बघितला नव्हता. तू तो बबनशेठकडून आणवून फडक्यावर मांडलास आणि दोन दिवस आपण दोघं त्याच्याभोवती पोरांसारखे फिरत होतो. गोष्ट तशी साधी. इंजिनातून निघालेला धूर एका फिरकीला ढकलतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी फिरकी, ती बाहेरची हवा इंजिनात कोंबते. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं, ओढ जास्त. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं.

पण ते धूड बॉनेटखाली मावेना. म्हणून तू ठरवलंस, केबिनच्या मागं, चासीच्या सांगाड्यावर उभा ब्रॅकेट ठोकून तिथं बसवायचा. डोकं तुझं, त्यात वाद नाही. उंचावर ठेवला म्हणजे त्याला दिलेलं तेल आपसूक उतरून इंजिनात परत येईल, हेही तुझंच. मी कधी म्हटलं का की ते माझं? मात्र आता इंजिनापासून टर्बोपर्यंत दहा-बारा फूट नळी न्यायची होती, आणि ती नळी किती इंची, ह्यावर आपलं बिनसलं.

तू म्हणालास साडेतीन. मी म्हणालो अडीच.

तुझं म्हणणं, रुंद नळीत इंजिनाचा श्वास मोकळा. घाटाखालचे सगळे मेकॅनिक हेच म्हणायचे, आणि साध्या गाडीला ते बरोबरही होतं. मी म्हणत होतो, टर्बोच्या नंतर हवी तेवढी रुंद कर, साडेतीन कर, चार कर, पण टर्बोपर्यंत बारीकच पाहिजे. धूर तिथं गरम आणि वेगात पोचला तरच फिरकी फिरेल. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. वीजघराच्या नळांवर चार वर्षं लटकलो होतो. डोंगरावरून उतरणारे ते नळ वर रुंद असतात आणि खाली चक्राकडं येताना बारीक होत जातात. तुझ्या शेडमधून ते नळ दिसायचे. मी बोटानं दाखवले तुला. तू म्हणालास, "ते पानी हाय, किसन्या."

मग चहा आला. तू बशीत ओतलास. मी म्हणालो, "बशीत कशाला ओततोस?"

"निवायला."

"मग धूर साडेतीनात ओतलास की काय व्हईल?"

तू बशीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. एक क्षण मला वाटलं, पटलं. मग बशी तोंडाला लावलीस आणि म्हणालास, "धूर काय चहा हाय का रं?" शेडमध्ये तेव्हा आपण दोघंच होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं सगळं ह्याच एका गोष्टीवर अडलं.

तरी तू आधी मला अडीच इंची लावू दिलीस, एवढं कबूल करतो. मी लावली, वर आस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, म्हणजे धूर वाटेत निवणार नाही. गाडी चालू केली, तेव्हाही आपण दोघंच. आणि तू जन्मभर करत आलास तेच केलंस. मागं जाऊन नळीच्या तोंडाशी तळहात धरलास.

आपल्या घाटाखालची ती रीतच. मेकॅनिक तळहातावर इंजिनाचे ठोके मोजतो. ठोका जोरात आणि सरळ लागला की इंजिन मोकळं. तुझा हात ह्यात सगळ्यांत तयार होता. डोळे मिटून सांगायचास कुठला सिलिंडर मागं पडतोय. त्या दिवशी तुझ्या हाताला ठोकाच लागेना. नुसती मऊ वाफ.

"मेल्यासारखं लागतंय, किसन्या. कोंडलंय. नळी बारीक हाय."

"अरं, लागनार कसा? ठोका टर्बोनं खाल्ला. तो खायाचा म्हनून तर बसवलाय."

"मला शिकवतोस? वीस वर्सं ह्या हातावर इंजिनं वळखतोय मी."

"हात खरा हाय तुजा. पन हा टर्बो तुज्या हाताला म्हाईत नाय."

हे लागलं तुला. मला ते बोलताना कळलं होतं, तरी बोललो. मीही काही कमी नाही. तू तळहात चिंधीला पुसलास आणि म्हणालास, "साडेतीन लाव." शेड तुझी, गिऱ्हाईक तुझं. मी अडीच उतरवली आणि साडेतीन लावली. दोरीही नको म्हणालास, रुंद नळीला काय करायचीय दोरी. चालू केल्यावर धडधड आवाज आला, बाहेर चार ड्रायव्हर जमले होते ते खूश झाले. रिकामी गाडी चौक गावापर्यंत सपाटीवर पळवून आणलीस. भरून, घाटात, एकदाही बघितली नाहीस.

दुसऱ्या सकाळी गुंडाळी भरून बबनशेठ स्वतः केबिनमध्ये बसला. मी आणि तू मागच्या जीपमध्ये. शिंगरोबाच्या देवळाच्या बऱ्याच अलीकडं, चढ उभा झाला तिथं गाडीनं मान टाकली. पंपवाल्याकडून इंजिनात जाणारं डिझेल वाढवून घेतलेलं, हवा काही येईना, काळा धूर एवढा की मागच्या गाड्या दिसेनात. इंजिन तापलं, बंद पडलं. क्लीनरनं उडी टाकून चाकामागं दगड लावला म्हणून गाडी मागं आली नाही. खाली रांग लागली. ड्रायव्हर उतरून वर आले, बघायला.

बबनशेठ खाली उतरला. "वसंता, कुनाचं काम हाय हे?"

तू चिंधीला हात पुसत होतास. स्वच्छ हात होते, तरी पुसत होतास. म्हणालास, "नळी ह्यानं केलीय."

खोटं बोलला नाहीस. नळी मीच केली होती. म्हणून तर तोंड उघडता आलं नाही मला.

बबनशेठ माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हनून सांगत होतो. कुनालाबी जवळ करू नये." त्याला काय म्हणायचंय ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळलं. मला कळलं. तुलाही कळलं, वसंता. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो, गावातली बोलणी तेव्हापासून ऐकत आलोय. त्या बोलण्यानं मी मेलो नसतो. मी तुझ्याकडं बघत होतो. ज्यानं घरचा डबा बंद केला तो माणूस आता बोलेल म्हणून. तू चाकाखालच्या दगडाकडं बघत होतास.

त्याच संध्याकाळी मी माझी हत्यारं पोत्यात भरली. तू म्हणालास, "बघ बाबा, तुजं तू." थांब म्हणाला नाहीस. मला साजगावला कारखान्यात काम मिळालं. वाफेच्या नळांना डाग द्यायचा, माप दुसरं कुणीतरी कागदावर काढलेलं. कुणी मला विचारलं नाही की किसन, तुला काय वाटतं. अकरा वर्षं नाही. घाटाखाली मात्र नाव झालं होतं, किसन्यानं केलेल्या नळीनं गाडी घाटात झोपते. माझा भाऊ टेंपो घेऊन एका गॅरेजला गेला तर त्याला सुद्धा ऐकवलं.

चार-पाच महिन्यांनी मी नाक्यावर उभा होतो. बबनशेठची गाडी आली, भरलेली. शिट्टीसारखा आवाज ऐकला. टर्बो फिरत होता. ड्रायव्हर चहाला उतरला तसा मी वाकून बघितलं. नळी अडीच इंची. वर दोरी गुंडाळलेली, मी गुंडाळली होती तशीच, तिरकी, एकावर एक. टर्बोच्या नंतर साडेतीन. डाग मात्र कुणा दुसऱ्याचा, कोंबडीनं उकरल्यासारखा.

मी दुसऱ्याच दिवशी शेडवर आलो. आठवतं? तू उठून उभा राहिलास. मला वाटलं आता. तू म्हणालास, "ये रं, बस. चहा सांगतो." पोरीच्या शाळेचं बोललास, लोधिवलीच्या भाताला कीड लागली त्याचं बोललास. शेवटी मीच विचारलं, "बबनशेठच्या गाडीला काय केलंस?"

"काय नाय. जरा बारीक केली नळी."

"किती?"

"बसली तेवढी."

आणि तू हसलास. थोडंसं, खाली बघून. त्या हसण्यात सगळं होतं. तुला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तुला माहीत होतं. मी चहा पिऊन निघालो. तेवढ्या हसण्यावर मी अकरा वर्षं काढली. आज माझीच मला लाज वाटते.

पुढं तू अजून पाच-सात गाड्यांना टर्बो बसवलेस. पनवेलपासून माणसं यायला लागली. त्या नळीला घाटाखाली वसंता माप म्हणू लागले. मीही ऐकायचो, कारखान्याच्या फाटकावर उभे असलेले ड्रायव्हर बोलायचे, "वसंता माप टाकून घे." मी म्हणायचो नाही काही. मी बोललो असतो तर ते भांडण झालं असतं. माझ्या तोंडून निघालं की माझा दावा, तुझ्या तोंडून निघालं की साक्ष. म्हणून थांबलो. तुझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलो, तेव्हाही थांबलो.

तू आजारी पडलास, छातीचं निघालं, तेव्हा मी दोनदा येऊन गेलो. दुसऱ्या वेळी वहिनी आत गेली आणि तू माझं मनगट धरलंस. हात पूर्वीसारखा राहिला नव्हता, गार पडला होता. म्हणालास, "किसन्या, एक सांगायचं हाय." मी पुढं वाकलो. खोटं कशाला सांगू, तेच वाक्य येणार असं वाटलं.

"बबनशेठच्या गाडीचा ब्रॅकेट अजून तुजाच हाय. केसाएवढी चीर नाय त्याला. असा डाग पुन्हा कुनी दिला नाय मला."

एवढं बोलून दमलास आणि डोळे मिटलेस.

वसंता, डाग चांगला हे मला माहीत होतं रं. ते मला अख्खी खोपोली सांगते. हाताचं कौतुक माझ्या बापाचंही व्हायचं. तो बांधाची दगडं अशी रचायचा की जमीनवाले लांबून बघायला यायचे. डोकं कुणी त्याच्या नावावर लावलं नाही. मला वाटलं होतं तू लावशील. एवढा जवळ येऊनही तू मला हातच परत दिलास. कदाचित तुला तेवढंच द्यायचं होतं. कदाचित तेच तू सांगणार होतास आणि जीभ वळली नाही. मी आता दोन्ही धरून बसतो, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं.

परवा नदीवरून आम्ही तुझ्या घरी आलो. ओटीवर सतरंजी घातली होती, भिंतीशी पाटावर तुझा फोटो, हार घातलेला. बबनशेठ आता थकलाय, काठी घेऊन आला होता. चहा झाला. तुझ्या हाताच्या गोष्टी निघाल्या. मग बबनशेठ माझ्याकडं वळून म्हणाला, "किसन, नव्या गाडीला टर्बो टाकतोय. वसंता तर गेला. तू नळी करून दे. वसंता माप घाल, अडीच. त्याच्यात बदल करू नको म्हंजे झालं."

बदल करू नको म्हणाला मला.

मी म्हणालो, "बबनशेठ, ते माप माजं हाय."

तुझा चुलतभाऊ म्हणाला, "आजच्या दिवशी तरी नको, किसनभाऊ." मी म्हणालो, "अकरा वर्सं नकोच केलं. अडीच मी सांगितली. वसंतानं साडेतीन लावायला लावली. घाटात झोपली ती साडेतीन."

बबनशेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं. समजूत घालावी तसं म्हणाला, "अरं, गेलेल्या मानसाचं काय घेतोस? त्यानं तुला हाताला धरून काम शिकवलं. आनि समजा असंल बी, तर ऐकलं कुनी? कोन हाय सांगनारा?"

मी बोट दाखवलं.

सगळ्यांनी मागं वळून बघितलं, तर भिंतीशी तुझा फोटो. वहिनी उंबऱ्यात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. चुलतभावानं मला दंडाला धरून उठवलं आणि रस्त्यापर्यंत आणून सोडलं. बाराव्याला येऊ नको म्हणाला. त्यांना वाटलं, मी तुझी चेष्टा केली. मी साक्षीदार दाखवला होता, वसंता. दुसरा नव्हताच.